झोपेचा पंचनामा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पुणे,
तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, यांस

कुरकुंभ, ता. दौंड
10 ऑक्टोबर 2025



वर आपलं नाव घातलेलं नाही, ते विसरून नव्हे. ज्या कामाबद्दल लिहितोय ते तीस-तीस वर्षं चालतं आणि आपली बदली दोन-तीन वर्षांत होते. तेव्हा पत्र खुर्चीला लिहिलंय. आज तिच्यावर जे कोणी असतील त्यांनी वाचावं आणि उठताना पुढच्यासाठी टेबलावर ठेवून जावं.

मी कुरकुंभच्या चौकाजवळ मेडिकल चालवतो. पुण्याहून सोलापूरकडे निघालं की यवत, चौफुला, वरवंड, पाटस आणि मग आमचं गाव. बाहेरच्यांना ते दोन गोष्टींनी ठाऊक असतं, फिरंगाई देवीनं आणि एमआयडीसीच्या वासानं. दुकानात एक लांबट वही आहे. झोपेच्या आणि तशाच काही गोळ्या विकल्या की तीत रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, औषध कोणतं नि किती, हे लिहावं लागतं. शेड्यूल एच-वन म्हणतात. मार्च 2014 पासूनचा नियम. त्याआधी चिठ्ठी नसतानाही ओळखीच्या माणसाला दोन-चार गोळ्या काढून दिल्या आहेत, ते लपवत नाही. नियम असा की ही वही तीन वर्षं जपायची, मग रद्दीत घातली तरी चालते. मी घातलेली नाही. 2014 च्या पहिल्या वहीत, पहिल्याच आठवड्यात एक नाव आहे आणि ते पुढच्या प्रत्येक वहीत आहे. हे पत्र त्या नावापासून सुरू होतं.

त्यांना मी मामा म्हणतो. गाव उमरगा-लोहाऱ्याकडचं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जी गावं भुईसपाट झाली आणि पुढे दुसऱ्या जागी वसवावी लागली, त्या 52 गावांतलं एक. मामा तेव्हा सत्तावीस वर्षांचे. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून गाव उशिरा निजलं होतं. मामा मंडळाच्या पोरांबरोबर देवळाच्या पारावरच आडवे झाले, म्हणून वाचले. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. दगडमातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, वर लाकूड, त्यावर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं ते घर झोपलेल्यांच्या अंगावर बसलं. आई, बायको, दोन लेकरं. सरकारी मोजणीत मेलेले आठ हजारांच्या घरात आहेत. लोक आजही दहा हजार म्हणतात. पितृपंधरवडा दारात होता आणि पितरांना पान वाढायला घरात माणूस उरलं नव्हतं.

1996 साली एका मुकादमाबरोबर मामा कुरकुंभला आले. लोडिंगचं काम मिळालं, दुसरं लग्न झालं, दोन मुलं झाली. थोरला एमआयडीसीत ऑपरेटर आहे, त्यानं स्लॅबचं घर बांधलं. मामा त्या घरात जेवतात, टीव्ही बघतात आणि रात्री अंगणातल्या पत्र्याखाली झोपतात, पाऊस असो नाहीतर थंडी. उशाला बॅटरी असते. पायात चप्पल घालूनच झोपतात, हे मला मामींनी सांगितलं. मामांनी कधी सांगितलं नाही.

काही वर्षांपूर्वी एका रात्री इथल्या एका कारखान्यात मोठा आवाज झाला, आग लागली. माणसं पळाली आणि तासा-दोन तासांत परतली. इथं राहणाऱ्याला भोंग्याची सवय होऊन जाते. मामा मात्र दोन शेतं ओलांडून माळावर गेले ते आठ दिवस घरी आले नाहीत. चौथ्या दिवशी मी डबा घेऊन गेलो. ते उकिडवे बसले होते, एक तळवा जमिनीला टेकवून. मला म्हणाले, "शांत हाय अजून."

आता मला सांगा, हे आठ दिवस कोणत्या आपत्तीत धरायचे? आगीत की भूकंपात?

1993 मध्ये मीही तिकडे गेलो होतो. डी. फार्म.च्या पहिल्या वर्षाला होतो. गावातून भाकरी, चटणी, घोंगड्या गोळा करून ट्रक निघाला, त्यात मी. सोलापूर, नळदुर्ग आणि मग उमरग्याच्या बाजूनं आत. पाऊस लागला होता. देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले होते. एका गावात मांडवाखाली टेबल लावून एक कर्मचारी मेलेल्यांची नावं लिहून घेत होता. माझ्या गळ्यात औषधांची पिशवी होती, म्हणून एका माणसानं मला सरकारी समजून विचारलं, "मी जिता हाय. माझं नाव कुठं लिवायचं?" मी म्हणालो, इथं फक्त गेलेल्यांची नावं चालू आहेत. तो बरं म्हणाला आणि बाजूला जाऊन बसला. एकोणीस वर्षांच्या पोराला काय कळणार? आज मला वाटतं की त्या मांडवात त्या माणसानंच खरा प्रश्न विचारला आणि त्याचं टेबल अजून लागलेलं नाही.

आपत्तीनंतरचा आपला कारभार मी जवळून पाहिलाय, त्याला सरसकट नावं ठेवणार नाही. किल्लारीनंतर पुनर्वसनाचं जे काम झालं त्याची जगभर वाखाणणी झाली, आणि देशाला 2005 मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा मिळाला त्यामागे किल्लारी, कच्छ आणि त्सुनामी या तिन्हींची शिकवण आहे. त्याच कायद्यानं आपण जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष आहात. पण मदतीचे जे निकष लागतात ते एकदा वहीवाल्याच्या नजरेनं वाचून पाहा. मृताच्या वारसाला 4 लाख. दुभती गाय किंवा म्हैस गेली तर 37,500. शेळी-मेंढीला 4,000. जखमी माणूस आठवड्याहून जास्त दवाखान्यात राहिला तर 16,000, आठवड्याच्या आत घरी आला तर 5,400. वाहून गेलेल्या भांड्यांचे वेगळे, कपड्यांचे वेगळे. यातला कोणताही रकाना मला फालतू वाटत नाही. म्हैस गेलेल्या घरात मी वाढलोय, म्हैस म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पण जो दवाखान्यात एक दिवसही राहिला नाही, ज्याला खरचटलंही नाही, जो पारावर झोपला म्हणून वाचला, त्याला या यादीत जागाच नाही. तलाठ्याला ओल्या भिंतीचा पंचनामा करता येतो, खरडून गेलेल्या जमिनीचा करता येतो. उडालेल्या झोपेचा कसा करणार, हा प्रश्न अवघड आहे, मान्य. म्हणून तो विचारायचाच नाही असं नाही ना?

आपल्याच जिल्ह्यात बघा. आंबेगाव तालुक्यातलं माळीण आमच्यापासून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगर खाली आला, 151 माणसं गेली. गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा लक्षात आलं ते एसटीच्या चालकाच्या. आमडे गावाजवळ नवं माळीण उभं राहिलं, 2 एप्रिल 2017 ला मुख्यमंत्र्यांच्या हस्ते घरं दिली गेली. आणि त्याच वर्षी पहिल्या जोराच्या पावसात वसाहतीतले रस्ते खचले, भेगा पडल्या. अभियंत्यांच्या लेखी ती दुरुस्तीची बाब असेल आणि दुरुस्ती झालीही असेल. पण ज्यानं एकदा डोंगराला आपल्या घरावर येताना पाहिलं, त्याच्या दारातली भेग आणि तुमच्या-माझ्या दारातली भेग एकच आहे का? आपण घर दिलं ते चारही बाजूंनी मोजून दिलं. त्या घरात आषाढात माणूस रात्रभर जागा राहतो की झोपतो, हे कोणी मोजलं नाही. मोजायला जावं, इतकंच माझं मागणं आहे आणि ते तीन दिवसांनी नव्हे, तीन वर्षांनी, आठ वर्षांनी, अकरा वर्षांनी.

अकरा वर्षं म्हणजे जास्त होतात असं वाटेल. वेल्समध्ये ॲबरफान नावाचं खाणकामगारांचं गाव आहे. 21 ऑक्टोबर 1966 ला खाणीतल्या टाकाऊ मातीचा डोंगर पावसानं सैल होऊन शाळेवर आला. 116 मुलं आणि 28 मोठी माणसं गेली. माळीणसारखंच, फक्त डोंगर माणसानं रचलेला. त्या शाळेतून वाचलेल्या मुलांपैकी 41 जणांना डॉक्टर 33 वर्षांनी जाऊन भेटले. तोवर ती चाळिशीची झाली होती, संसारात होती. त्यातल्या 12 जणांना तेव्हाही आघाताचा आजार होता: तीच स्वप्नं, तेच दचकणं, तीच पळवाट. त्या गावातली आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. वाचलेली मुलं रस्त्यावर खेळायला कचरत, कारण ज्यांची गेली त्या आईबापांना ती खेळताना बघवत नसत. मामा एकदा म्हणाले होते, "गावात फिरायची लाज वाटाया लागली. जो तो बगायचा, ह्यो कसा काय ऱ्हायला." गाव सोडून ते कुरकुंभला का आले, याचं उत्तर मला रोजगार वाटत होतं. ते उत्तर त्या दिवसापासून मी बदललं.

लगेच सांगतो, नाहीतर माझ्या सांगण्याचा विपर्यास होईल. बहुतेक माणसं सावरतात. किल्लारीची सावरली, माळीणची सावरत आहेत. शेतं कसली, लग्नं झाली, नातवंडं आली. दुःख होणं हा आजार नव्हे आणि प्रत्येक रडणाऱ्याच्या हातात गोळी देणं हे माझ्या धंद्याला बरं असलं तरी माणसाला बरं नाही. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना गोल बसवून "बोला, मोकळे व्हा" म्हणण्यानंही काही साधत नाही. पुढचा आजार त्यानं टळत नाही आणि काहींचा त्रास उलट वाढतो, असं अभ्यासातून दिसलं आहे. तेव्हा माणसाला लागतं ते पाणी, आडोसा, आपली माणसं कुठं आहेत याची खबर आणि शांतपणे शेजारी बसणारं कोणीतरी. अवघड काळ नंतरचा. ट्रक जातात, कॅमेरे जातात, नातेवाईक आपापल्या गावी जातात, मदतीचा चेक वटतो. त्यानंतर घरातलं एखादं माणूस मागेच राहून जातं. मी त्या एखाद्याबद्दल लिहितोय.

तो एखादा ओळखायचा कसा, यात आपली गाडी अडते. सरकारी माणूस विचारतो, "मानसिक त्रास आहे का?" उत्तर येतं, नाही. पुणे जिल्ह्यात मानसिक म्हटलं की माणसाला एकच शब्द ऐकू येतो, येरवडा. आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात कोणाला नेतात ते पोरालाही माहीत आहे. मुलीचं लग्न ठरायचं असतं, भावकी टपलेली असते. मग त्रास दुसरी नावं घेऊन माझ्या काउंटरवर येतो. पित्त उसळतं. छातीत धडधडतं. जीव घाबरा होतो. हातापायाला मुंग्या येतात. अंगात कसकस. गॅस झालाय, डोक्यात चढतो. बाई असेल तर कंबर, पुरुष असेल तर दारू. मी पंचवीस वर्षं पित्ताच्या गोळ्या विकतोय आणि माझा अंदाज आहे की त्यातलं निम्मं पित्त पोटातलं नव्हतं. हा मेडिकलवाल्याचा अंदाज आहे, डॉक्टरचा नाही, तसाच घ्या.

मामांनी तर पहिली सात-आठ वर्षं कोणती गोळी घेतलीच नाही, संध्याकाळची देशी घेतली. ती सुटली मामींमुळे. त्या बाईनं काय काढलंय ते कोणत्याच निकषात बसणार नाही. तिनं भूकंप पाहिलेला नाही, ती इंदापूरकडची. पण लग्न झाल्यापासून ती त्या पहाटेत राहते आहे. रात्री तीनच्या सुमाराला जाग येतेच तिला, मामांना येवो न येवो. आपल्या यादीत वाचलेल्यांबरोबर त्यांच्या बायकांनाही घ्या, एवढं या परिच्छेदापुरतं.

तज्ज्ञ तिकडे पोचलेच नव्हते असं कोणी म्हणू नये. 'घाशीराम'मधले नाना म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो ते डॉ. मोहन आगाशे मुळात मानसोपचाराचे प्राध्यापक, पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे. भूकंपग्रस्त मराठवाड्यातल्या मानसिक आरोग्यावर त्यांनी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रकल्पात काम केलं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं 2009 मध्ये आपत्तीतल्या मानसिक-सामाजिक आधारावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं सरकारी मानसोपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. कागद भरपूर आहे. जपानमध्ये कोबेचा भूकंप 17 जानेवारी 1995 चा. तात्पुरत्या घरांत एकेकटे राहणारे म्हातारे कोणाला न कळता मरून पडू लागले, तेव्हा तिथं मनाच्या काळजीचा विषय ऐरणीवर आला, आणि आघातावरची कायमची संस्था त्यांनी 2004 मध्ये उघडली. नऊ वर्षांनी. आपल्याकडे नऊ वर्षांनी फाइल अभिलेख कक्षात जाते.

माझा खरा मुद्दा आता येतो. आपल्या सगळ्या याद्या गावाच्या आहेत. बाधित गाव, बाधित कुटुंब, बाधित क्षेत्र. पण वाचलेला माणूस बाधित गावात राहतोच असं नाही. तो ज्या गावात आपलं सगळं गेलं त्या गावातून उठतो आणि जिथं काम आहे तिथं येतो. काम कुठं आहे? पुणे जिल्ह्यात. किल्लारीनंतर भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली बाराशेच्या आसपास मुलं पुण्याला आणली. वाघोलीला त्यांचं वसतिगृह, शाळा झाली. नगर रस्त्यानं शिरूरला जाताना आपण त्याच्या जवळून जातो. तिकडे नळदुर्गला राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी, पन्नालाल सुराणांनी 'आपलं घर' उभं केलं. त्या मुलांना निदान एक गोष्ट मिळाली: शेजारच्या खाटेवरच्या पोरालाही तेच स्वप्न पडतं, हे त्यांना ठाऊक होतं. मामांसारख्या मोठ्या माणसाला ते मिळालं नाही. तो एकटा आला, मुकादमाच्या हजेरीत त्याचं नाव लागलं आणि भूकंपग्रस्त म्हणून त्याची जी ओळख होती ती लातूर-उस्मानाबादच्या कागदात राहिली. कुरकुंभला तो नुसता लोडर. दौंडच्या डॉक्टरांना तो नुसता झोप न येणारा पेशंट. एकदा एका दवाखान्यात त्यांना "वयोमानानं होतं" असं सांगून परत पाठवलं. तेव्हा मामा अठ्ठेचाळीसचे होते.

ही एकट्या मामांची गोष्ट नाही. आमच्या चौकातून जो महामार्ग जातो तो मराठवाड्यातून माणसं आणणारा रस्ता आहे. दुष्काळात येतात, पुरात येतात. गेल्या महिन्यात सीना नदी अशी चढली की लांबोटीपाशी महामार्गच थांबला. तेव्हापासून रोज माढा-परांड्याकडे मदतीचे ट्रक जाताना दिसतात. परवा सरकारनं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. खरडलेल्या जमिनीला हेक्टरी 47,000 आणि वर रोजगार हमीतून 3 लाखांपर्यंत. मिळू देत, वेळेवर मिळू देत. पण ज्यांनी रात्री छपरावर बसून गोठ्यातली जनावरं एकेक करून गप्प होताना ऐकली, त्यांच्यातली काही माणसं येत्या दोन-तीन वर्षांत इथंच येणार आहेत, कुरकुंभला, रांजणगावला, चाकणला. आपल्याला ती मजूर म्हणून दिसतील. मला ती बहुधा पित्ताची गोळी मागताना दिसतील.

आमच्या गावानंही ट्रक भरला. तांदूळ, पीठ, तेल, चादरी. मामा एक खोकं घेऊन आले. त्यात तीस बॅटऱ्या होत्या, सेलसकट. मी म्हणालो, मामा, रेशन द्यायचं होतं. म्हणाले, "रेशन समदे देतील. रातच्याला उजेड कोन देनार?"

तेव्हा मागणं सांगतो. जिल्ह्यात वाचलेल्यांची एक वही करा. गावाची नको, माणसाची. माळीणची माणसं तर त्यात यावीतच. पण किल्लारीचा, दरडीखाली गेलेल्या तळियेचा, इरशाळवाडीचा, सीनेकाठचा जो माणूस आज या जिल्ह्यात राहतो, त्यालाही स्वतःहून नाव घालता यावं. नाव घालणं त्याच्या मर्जीवर, आणि ते नाव गावच्या चावडीवर लागता कामा नये. मग त्या नावांकडे जायचं, त्यांनी आपल्याकडे यायची वाट बघायची नाही. जायचा दिवस सरकारी कॅलेंडरवरून ठरवू नका. माळीणला पहिला पाऊस आणि जुलैची अखेर, किल्लारीच्या माणसाला गणपतीचं विसर्जन, पूरवाल्याला धरणातून पाणी सोडल्याची बातमी. प्रत्येक आपत्तीची एक तिथी असते आणि अंग ती पंचांग न बघता ओळखतं. विसर्जनाच्या दिवशी आमच्या चौकात डीजे लागतो, मामा आदल्या दिवशीच बहिणीकडे जातात. हे ज्याला माहीत आहे त्याला मामांना कोणत्या आठवड्यात भेटायचं तेही माहीत असेल.

कोण जाणार? आशाताई. यात नवल काही नाही. शेतकरी आत्महत्यांच्या वेळी सरकारनं विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प काढला, तेव्हा घरोघर जाऊन खचलेला माणूस हुडकायचं काम आशांवरच दिलं होतं. फक्त दोन गोष्टी बघा. एक, त्या कामाचे पैसे द्या. आशाताईच्या खांद्यावर फुकटची पोती टाकायची आपल्याला सवय लागली आहे. दुसरी, तिच्या हातात "उदास वाटतं का" असा तक्ता देऊ नका. तिला विचारू द्या: पाऊस लागला की कुठं झोपता? दाराला कडी लावता का? रात्री किती वेळा उठून बाहेर बघता? माणूस अशा प्रश्नांना खरं बोलतो, कारण त्यात लाज नाही.

ज्यांना पुढे उपचार लागतील त्यांना येरवड्याची वाट दाखवू नका. घोडेगावला आणि दौंडला सरकारी रुग्णालयात महिन्यातून ठरलेल्या वारी मानसोपचारतज्ज्ञ बसले आणि त्यांनी गोळ्यांबरोबर बोलण्यालाही वेळ दिला, तरी पुष्कळ होईल. टेलि-मानसचा 14416 हा नंबर मी काउंटरवर चिकटवलाय, चांगली सोय आहे, रात्री-अपरात्री लागतो. मामांना लावून दिला होता. त्यांनी फोन कानाला धरला, थोडं ऐकलं आणि ठेवून दिला. म्हणाले, पलीकडं कोण बसलंय ते दिसत नाही. तरुण मुलांना तो उपयोगी पडेल, साठीच्या मामांना दिसणारं माणूसच लागेल.

एमआयडीसीतल्या भोंग्यांच्या चाचण्यांचं वेळापत्रक गावाला आधी कळवायला लावा. हे आपल्या एका पत्रानं होईल, त्याला एक रुपया लागत नाही. आम्ही मेडिकलवालेही कामाला येऊ. झोपेची गोळी वर्षानुवर्षं नेणारा माणूस जिल्ह्यात सगळ्यांत आधी आम्हाला दिसतो, पण त्याचं काय करायचं हे आम्हाला कोणी कधी सांगितलं नाही; अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक येतात, वहीतल्या सह्या तपासतात आणि जातात.

इरशाळवाडीचा उल्लेख वर नुसता नावानं केला, त्यावर थोडं लिहायला हवं. तो जिल्हा आपला नाही, पण शहाणपण आपल्यालाही लागेल. 19 जुलै 2023 च्या रात्री वाडीवर दरड कोसळली. 27 जणांचे मृतदेह मिळाले. 57 माणसं मिळालीच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबला. थांबवणं योग्य होतं, वर चढणाऱ्या जवानांच्या जिवाचाही प्रश्न होता. पण त्या 57 जणांच्या घरच्यांच्या बाबतीत असं झालं की कागदावर माणूस मेला आणि मनात तो अजून डोंगरात आहे. मामांना त्यांची थोरली मुलगी स्वतःच्या हातानं उचलता आली. धाकट्याला मात्र दुसऱ्या कोणीतरी सामुदायिक सरणावर ठेवलं, मामा तेव्हा आईला शोधत होते. मुलीबद्दल ते बोलतात. ती कशी नाचायची, तिला गूळ किती आवडायचा. मुलाचं नाव मी इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. मामींना ते ठाऊक आहे, त्यांनी मला सांगितलं आणि मीही ते उच्चारत नाही. जिथं देह मिळत नाही तिथं सरकारनं दाखल्याबरोबर निरोपाचीही काही जागा द्यावी. शिळा असो, झाड असो, वर्षातून एक दिवस तिथवर जायला एसटी असो. किल्लारीला दरवर्षी 30 सप्टेंबरला स्मृतिस्तंभापाशी मानवंदना दिली जाते. मामा एकदाच गेले. पोलिसांनी हवेत बार काढले त्या आवाजाला खाली बसले आणि पुन्हा गेले नाहीत.

आज जागतिक मानसिक आरोग्य दिन आहे, आपल्या कार्यालयातही फलक लागला असेल. मला त्या दिवसाचं काही नाही. पत्र आज पुरं झालं एवढंच.

माझ्याकडच्या जुन्या वह्या दुकानाच्या वरच्या फळीवर डावीकडे आहेत, 2014 पासूनच्या. त्यातली नावं मी कोणाला अशीच देणार नाही, द्यायचा मला हक्कही नाही. पण आपलं माणूस यादी करायला आलं तर त्या-त्या माणसाला विचारून मी भेट घालून देईन. मामांना काल विचारून ठेवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, गोळ्यांची पाकिटं शर्टाच्या खिशात घातली, बटण लावलं. मग म्हणाले, "द्या नाव. पन येनाऱ्याला सांगा, दिवसा ये म्हनावं. रातच्याला दार वाजवू नगं."

कळावे,
आपला,
कुरकुंभचा एक मेडिकलवाला